पोलंडच्या कपाटामागून

कोल्हापूर,
डिसेंबर १९८२

तीर्थस्वरूप दाजींना, कुरुंदवाडच्या दिशेला तोंड करून नमस्कार. तुमचा गुडघा आणि अक्काचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे.

प्रथम तक्रार. तुमच्या लेकीवर, शालूवर, लक्ष ठेवायला तुम्ही मला तिच्या नाटकाच्या तालमीला बसवलंत. काही आढळलं तर कॉलेज बंद आणि लगेच लग्न, असं बजावलंत. पण तिथे मिळालेल्या लोखंडी खुर्चीचा एक पाय आखूड आहे. महिनाभर मी डावीकडे कललेला आहे. (नाटक कम्युनिस्ट देशातलं असल्यामुळे सांगतो, राजकारणाशी संबंध नाही.)

नाटक पोलंडचं. पोस्टातली एक मुलगी एका मुलावर प्रेम करते, आणि सरकारचा हेर कपाटामागे उभा राहून त्यांचं बोलणं ऐकतो. शेवटी तो बाहेर येतो, बोट दाखवतो आणि नायकाला धरून नेतात. दिग्दर्शक गौसभाई (दिवसा दुकानांच्या पाट्या रंगवतात) म्हणतात, यात भयंकर दहशत आहे. मला ती जाणवली नाही. या कामाला तिकडे पगार मिळतो, एवढंच नवल वाटलं. आमच्या गल्लीत अंबूबाई हेच काम फुकट करतात आणि वर दोन्ही घरी चहा घेतात.

शालू नायिका. नायक कृष्णात, इचलकरंजीचा. दिवसपाळीला माग चालवतो आणि संध्याकाळी पोलंडला येतो. हेर कसबा बावड्याचा पिराजी. पण गळिताचा हंगाम सुरू झाला, हेराला साखर कारखान्यात रात्रपाळी लागली, आणि ऐन स्पर्धेतल्या प्रयोगाच्या दिवशी गौसभाई माझ्याकडे वळले. "मामा, न्हाईतरी तुम्ही महिनाभर बसून ऐकतायच की. आज उभं राहून ऐका."

राहिलो उभा. एका प्रसंगात संगीत वाजतं आणि दोघं कपाटाला टेकून नुसते ओठ हलवतात. त्या दिवशी ओठांतून शब्दही येत होते, आणि ते नाटकातले नव्हते.

"रजिस्टर लगीन करूया. कुणाला इचारायचं न्हाय," कृष्णात म्हणाला.

"चोरून न्हाय. परीक्षा झाली की बाबांच्या म्होरं बसून सांगणार. न्हाय म्हटलं तर परत सांगणार."

"आणि मामानं आधीच कळवलं तर?"

"मामा? कपाटामागंच उभा हाय की."

एवढ्यात माझी वेळ झाली. बाहेर आलो, बोट उचललं. 'हाच तो माणूस' एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघेना. प्रेक्षकांतून कुणीतरी समजूत घातली, "पावणं, बोला की, न्हाईतर परत आत जावा." शालूनं शांतपणे मला खुर्ची दिली, "दमला असाल, बसा" म्हणाली, आणि तेवढ्यात नायकाला बाजूच्या दारानं घालवून दिलं. परीक्षकांना शेवट धाडसी वाटला म्हणे.

असा अहवाल आहे. अक्काला नमस्कार.

आपला मेव्हणा,
आकाराम

ता. क. परीक्षेनंतर ती समोर येऊन बसेल, तेव्हा हे पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करावा. जमत नसेल तर गौसभाईंना पाठवतो. पण कॉलेज बंद करू नये, ही हात जोडून विनंती.

आणखी एक. पाकीट चिकटवलेलं नाही. पेटीत टाकायला शालूच्याच हाती देतो आहे. स्टेजवर तिनं मला सावरलं, तेवढं तिचं देणं लागतो. पत्र तुम्हाला मिळालं, तर ते तिनं वाचून पाठवलं असं समजावं.