दारासमोरचा मुलगा

४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

व्हिडिओ गेमच्या कार्ट्रिजमधली नाण्याएवढी बॅटरी मी पकडीनं उपटली, त्या क्षणी माझं सगळं बदललं. हसू नकोस, आधी वाच.

मी काम शिकतो त्या दुरुस्तीच्या दुकानासमोर शिंप्याकडे काज-बटणं करणारी ती आहे ना, जिच्याबद्दल मागचं अख्खं पत्र होतं, ती एक जुना जपानी व्हिडिओ गेम घेऊन आली. खेळ चमत्कारिक आहे. रुसलेल्या बसगाड्या नि रडके नळ अंगावर येतात, आणि त्यांना मारायचं नाही, समजूत काढायची. लिपी कळत नाही तरी त्याचे वेडे जागोजागी आहेत, मीही त्यातलाच. तिचा धाकटा भाऊ आजारपणात हाच खेळायचा. शेवटच्या दारापर्यंत पोचला, उद्या उघडू म्हणाला आणि गेला. तेव्हापासून ती दर रविवारी खेळ लावते, दारासमोर उभ्या त्या मुलाला डोळे भरून बघते आणि बंद करते. खेळ कुठवर आला हे कार्ट्रिजमध्ये बॅटरीवरच टिकतं; ती संपली तर तो पुसला जाईल, म्हणून नवी बसवायला आणली होती.

जुनी काढण्याआधी बाहेरून वीज जोडून ठेवतात, एवढं मलाही येतं. उस्ताद वायर आणायला गेले, थांब म्हणाले. ती संध्याकाळी येणार होती, तिच्या हातात तयार द्यायची हौस. मला धीर धरवला नाही. मुलगा पुसला गेला.

तिला सांगितलं, सुटा भाग यायचाय. आधी लावून पाहिला होता, त्यामुळे नावाची अक्षरं आणि टोपीचा रंग लक्षात आहे. पहिल्यापासून खेळून त्याला त्याच दारासमोर नेऊन उभा करतो. तुला पटणार नाही, तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
काडेपेटी

९ जून

चि. काडेपेटीस,
अनेक आशीर्वाद.

कॉलेज सोडलंस त्या दिवशी दार असं आपटलंस की बाबा अजून बिजागरी ठोकतायत. तेव्हा निदान खरं बोलून आपटलं होतंस.

आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात गेलेल्या माणसाच्या चपला न्यायला घरचे येतात. एकदा सापडेनात, तर नव्या आयाबाईनं तशाच दुसऱ्या दिल्या. त्याच्या आईनं हातात घेतल्या, अंगठ्याची जागा चाचपली आणि बाकावर ठेवून गेली. तिची पाठ मला अजून दिसते.

आजच जाऊन सांग. शिव्या खा. आईनं पाठवलेलं गुडघ्याचं तेल पोचलं, तिला सांग. जेवतोस का, तेही कळव. प्रेमात पडलेल्यांना भूक लागत नाही हे थोतांड आहे.

तुझीच,
ताई

२२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सांगायलाच तिच्या घरी गेलो होतो, शपथ. पण मुलाला दारापर्यंत नेऊन झालं होतं, कार्ट्रिज खिशात होतं आणि तिनं आधी हात पुढे केला. पडद्यावर मुलगा दिसला तशी ती खाली बसली. मग सरकून मला जागा दिली. त्याच्याशी बोलते ती, ताई. आठवड्यात किती काजं केली, मालक कसा खेकसला, सगळं सांगते. मला म्हणाली, तुझ्यामुळे राहिला हा. आता रविवारी मीही असतो.

तूच सांग, हे कुठल्या तोंडानं मोडू? जेवतो. रागावलीस तरी लिहीत जा.

काडेपेटी

२७ जून

चि. काडेपेटीस,
आशीर्वाद.

ती ज्याच्याशी बोलते तो तिचा भाऊ नाही, तू आहेस, आणि ते फक्त तुलाच ठाऊक आहे. दर रविवारी तू तिच्या घरात चोरून बसतोस. याहून जास्त लिहवत नाही.

ताई

६ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल तिनं खेळातल्या मुलाची पिशवी उघडून पाहिली. आजवर कधी उघडली नव्हती म्हणे, सहज वाटलं. आत औषधं, शिट्टी, नकाशा, सगळं व्यवस्थित. तिनं विचारलं, छत्री कुठाय.

पहिल्याच गावात एक म्हातारी मोडकी छत्री देते. ती कशालाच उपयोगी नाही, उगाच जागा अडवते. सगळे हुशार खेळाडू ती पहिल्या दुकानात टाकून देतात. मीही टाकली. तिच्या भावानं ती शेवटच्या दारापर्यंत वागवली होती. म्हातारीनं भेटल्यावर विचारलं तर काय सांगू, म्हणायचा.

मग मी सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. तू मला याच्याशी बोलू कसं दिलंस, एवढंच म्हणाली. कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला. हा तुझा आहे, तर तूच ने आत, म्हणाली, आणि पाठ करून काजं करायला बसली. मी दार उघडलं. मुलगा आत गेला. पुढे पडद्यावर काय झालं ते मी पाहिलं नाही.

आयाबाईचं मला आधीच लिहिलं होतंस. उरलासुरला जीव असेल तर माझ्यावर ठेव.

काडेपेटी

ता. क. निघताना दार आपटलं का, हे तू विचारशीलच. चपला हातात घेऊन बाहेर आलो आणि कडीचा आवाज होणार नाही इतक्या हळू लावून घेतलं.