नऊ मिनिटे

जळगाव, १२ जानेवारी १९९४

ती. वच्छलाअक्कांस,
सुनंदाचा नमस्कार. वि. वि. तेराव्याच्या दिवशी तुम्ही विचारलेत, मळ्यात नेमके काय झाले. मी भांडी आवरायला निघून गेले. आज लिहिते.

१. रविवार, २६ डिसेंबर. मळ्यात भरताचा बेत. तुम्ही कळण्याच्या भाकरी आणायला घरी गेला होतात.
२. ११.४० : कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजता भाजता भाऊ खाली बसले आणि कुशीवर कलंडले.
३. नाना फीट समजले. त्यांनी कांदा फोडून नाकाशी धरला. कोणीतरी तोंडात पाणी घातले.
४. ११.४२ : भाऊंचा श्वास घोरल्यासारखा, तुटत तुटत येत होता. हृदय बंद पडल्यावर श्वास असाच येतो; ते बंद पडले आहे, हे मला चार हात अंतरावरून कळले.
५. मी ह्यांना सांगितले, छातीच्या मध्यावर दोन्ही तळहातांनी जोरात दाबत राहा. ह्यांनी कधी केलेले नव्हते. ते तळपाय चोळत बसले.
६. ११.५१ : जीप आली. १२.२० : नरडाण्याच्या डॉक्टरांनी तपासले आणि मान हलवली.
७. ११.४२ ते ११.५१ मी भाऊंना हात लावला नाही.

माझे काम तुम्हाला ठाऊक आहे. रोज पंधरावीस माणसांच्या छातीवर तारा लावून मी हृदयाचा आलेख काढते. छाती दाबण्याचे शिक्षण मी दवाखान्यात पुतळ्यावर घेतले आहे. त्या माणसांत एकही माझा थोरला दीर नसतो. सहा वर्षांत भाऊंचा चहा मी कधी हातात दिला नाही. खाली ठेवायचा, मी मागे सरले की त्यांनी उचलायचा. त्या दिवशीही नाना, आपले सासरे, समोर होते आणि मी पदर धरून मागेच उभी राहिले.

दाबले असते तर ते वाचलेच असते, असे लिहिणार नाही. तेवढी खात्री कोणी देऊ शकत नाही. एक शक्यता होती. ती माझ्या हातात होती.

रागावलात तरी पत्र बंद करू नका.
सुनंदा


पिंपरखेडे, २० जानेवारी १९९४

चि. सुनंदास,
अनेक आशीर्वाद. पत्र मिळाले. दोन दिवस डाळीच्या डब्याखाली ठेवले. राग आला, खोटे कशाला लिहू. भाजी फोडणीला टाकतानाही तू घड्याळ बघतेस म्हणून आम्ही हसायचो. तेच घड्याळ आता माझ्या डोक्यात चालते.

पण एक माझेही ऐक. आदल्या शुक्रवारी यांचा डावा हात आणि जबडा दुखत होता, अंग घामाने ओले. कापसाची गाठोडी उचलली त्याने असेल, म्हणाले. तू येणारच होतीस, तुला दाखवू म्हटले, तर हसले. म्हणाले, "सुनंदाले सांगू नको, ती मनी छातीले वायरी लाई दी." मी ओवा दिला. तू शनिवारी आलीस, माझ्याशेजारी बसून वांगी निवडलीस, आणि मी बोलले नाही. तुझी नऊ मिनिटे, माझे दोन दिवस.

नानांना तुझे पत्र वाचून दाखवले.  एवढेच म्हणाले, "तिनी माले का बरं इचारं नही?"

रुपचंदला जप. तो तळपाय चोळल्याचे मनाला लावून घेईल.
अक्का


जळगाव, २८ जानेवारी १९९४

ती. अक्कांस,
नमस्कार. पत्र तीनदा वाचले. ओव्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. जबडा दुखणे हृदयाचे असू शकते, हे तुम्हाला मी सांगायला हवे होते. सहा वर्षे मी गावी येते आणि फक्त स्वयंपाक करून परतते.

नानांचे खरे आहे. ते अडवतील असे मी धरून चालले. पण विचारण्यातही मिनिटे जातात. पुढच्या वेळी कोणालाच विचारावे लागू नये.

रविवारी, २० फेब्रुवारीला, सकाळी दहाला मी गावच्या शाळेत छाती दाबायला शिकवणार आहे. बायका आणि पुरुष एकत्र. नानांनी पुढे बसावे. ह्यांनी पोत्यात कापूस आणि सायकलची ट्यूब भरून माणूस शिवला आहे. रोज संध्याकाळी त्याच्यावर सराव करतात.

एक अडचण आहे. पोत्यावर हात ठेवायला कोणी लाजणार नाही. पुरुषाचा सदरा दिसला आणि समोर सासरा बसला, की हात थांबेल. माझा तिथेच थांबला. ते थांबणेच मोडायचे आहे.

म्हणून भाऊंचा पट्ट्यांचा सदरा त्या पोत्याला घालायचा आहे. तुम्ही दिलात तरच. पहिले हात मी ठेवीन, सगळ्यांसमोर. नंतर तुम्ही.

जमत नसेल तर तसे लिहा, दुसरा सदरा आणीन. १२ फेब्रुवारीपर्यंत उत्तर पाठवा. हो किंवा नाही, एवढे पुरे.

सुनंदा