धाकटीच्या गळ्याचे पाच टाके

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे कागदावरच समज. प्रत्यक्षात कंबर वाकत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.) तू, तुझी लेक आणि नवी पाहुणी अशा तिघी खुशाल असाल. बाळाचं नाक आपल्या घराण्यावर गेलं नाही असं तू कळवलंस, वाचून जीव भांड्यात पडला. आमच्याकडे ही बरी आहे. दुकान बरं चाललंय. तुझ्या चारही कोंबड्या बऱ्या आहेत. माझी चौकशी तू दोन्ही पत्रांत केली नाहीस, तरी सांगतो. मी बरा नाही.

‘पंधराच दिवस रे’ म्हणून तू चार कोंबड्या, एक खुराडं आणि सूचनांचा एक कागद माझ्या दारात ठेवून गेलीस, त्याला अडीच महिने झाले. बाळंतपण तुझ्या लेकीचं, कळा मी सोसतोय. तो कागद मी अजून जपून ठेवलाय, कधी कोर्टात जायची वेळ आली तर असावा म्हणून. त्यात तू लिहिलंयस, ‘कोंबडी धरताना घाबरू नये. दोन्ही पंख अंगाशी दाबून, पाय बोटांत धरून पोटाशी घ्यावी.’ कोणी घाबरू नये, ते लिहिलेलं नाही. पहिल्याच संध्याकाळी त्यांना खुराड्यात घालायला निघालो, तेव्हा तिघी मुकाट्याने गेल्या आणि चौथी, म्हणजे तुरा एका डोळ्यावर कललेली ती (आम्ही तिला बाईसाहेब म्हणतो), कपडे धुवायच्या दगडामागे जाऊन बसली. मी वाकलो. ती उडाली. मी तसाच राहिलो. शेवटी हिने टॉवेल टाकून बाईसाहेबांना उचललं आणि मग मला. दुसऱ्या दिवशी मी तुझ्या कागदाप्रमाणे तिला बरोबर पोटाशी घेतली, पण तोंड कुठल्या बाजूला करायचं याबद्दल तू चकार शब्द लिहिलेला नाहीस. मी तोंड बाहेर ठेवलं, शोभून दिसावं म्हणून. त्यामुळे दुसरं टोक माझ्या सदऱ्याकडे आलं. सदरा गेला.

खुराडं मागच्या अंगणात, दुकान पुढच्या खोलीत, मध्ये स्वयंपाकघर. एवढं अंतर पुरेसं आहे असं मला वाटलं होतं. पण कोंबडीला अंडं घालायला आडोशाची, मऊ आणि अंधारी जागा लागते, आणि शिंप्याच्या दुकानात दुसरं असतं काय? बाईसाहेबांनी तयार कपड्यांची टोपली पसंत केली. आपल्या वकिलांचा काळा कोट मी घडी घालून तिथे ठेवला होता. त्यांचा कारकून तो घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी वकील स्वतः आले आणि त्यांनी कोट माझ्या टेबलावर पसरला. भर कोर्टात त्यांनी कागद काढायला खिशात हात घातला होता, तो पिवळा होऊन बाहेर आला. (खटला ते जिंकले. समोरच्या वकिलाला हसू आवरेना, त्याला मुद्दे आठवले नाहीत. पण याचं श्रेय ते कोंबडीला द्यायला तयार नाहीत.)

तेव्हापासून मधलं दार बंद ठेवायचं असं घरात ठरलं. मी ठेवतो. ही ठेवत नाही. त्यातूनच पुढचं सगळं झालं.

गेल्या सोमवारी धाकटी, ती तपकिरी, मान वाकडी करून बघणारी, खुराड्यातून बाहेर आली नाही. दाणे टाकले, तोंड लावलं नाही. उचलून पाहतो तर गळ्याखाली दाण्यांची पिशवी असते ती लिंबाएवढी टणक झालेली. मी हलक्या हाताने तेल लावून चोळलं, हिने थेंब थेंब कोमट पाणी पाजलं, गाठ तसूभर हलेना. दुपारपर्यंत धाकटीने डोळे मिटून घेतले. ताई, खोटं नाही सांगत, त्या दिवशी मी मापं चुकलो. एका गृहस्थांची छाती कमरेच्या रकान्यात लिहिली.

गुरांच्या डॉक्टरला बोलवायचं म्हणजे माझी पंचाईत. त्यांची पॅन्ट दोन महिन्यांपासून माझ्याकडे पडलेली आणि मी दर वेळी ‘परवा देतो’ म्हणून त्यांना परत पाठवलेलं. तरी ते आले. आल्या आल्या त्यांनी आधी खुंटीवरची पॅन्ट पाहिली (तिला अजून पाय नव्हते), मग माझ्याकडे, मग कोंबडीकडे. गळा चाचपून म्हणाले, ‘‘हिच्या पोटात तुमचं दुकान गेलंय. कापून काढावं लागेल.’’

कटिंगचं टेबल रिकामं केलं, धुतलेली चादर अंथरली. धाकटीला दोन्ही पंख दाबून मी धरलं, पाय हिने धरले. डॉक्टरांनी सुई टोचून जागा बधिर केली, पिसं बाजूला करून बोटाच्या पेराएवढी चीर दिली आणि चिमट्याने दोरा ओढायला लागले. निळा निघाला. मग पांढरा. मग खाकी, मग काळा, मग शाळेच्या गणवेशाचा चॉकलेटी. या मोसमातलं माझं सगळं काम त्या गळ्यातून ओळीने बाहेर आलं. शेवटी सदऱ्याचं एक बटण निघालं. धाकटीची छाती माझ्या तळव्याखाली इतकी जोरात धडधडत होती, की माझी की तिची ते कळेना.

मग डॉक्टर शिवायला बसले आणि मला राहवलं नाही. आतला थर त्यांनी नीट शिवला, पण वरच्या कातड्याला चक्क धावदोरा घालायला निघाले!

मी म्हटलं, ‘‘डॉक्टर, ही जागा ताणाची आहे. दाणे भरले की उसवेल. सुटा सुटा टाका घाला, प्रत्येकाला गाठ द्या.’’

‘‘इथे शिवणार कोण, तुम्ही की मी?’’

‘‘तुम्हीच. पण टाक्यांत अंतर सारखं ठेवा.’’

त्यांनी सुई थांबवली. ‘‘माझी पॅन्ट शिवताना ही कळकळ कुठे असते?’’

ही हसली. धाकटीने एक डोळा उघडला. डॉक्टरांनी सुटे पाच टाके घातले, सारख्या अंतराने, प्रत्येकाला गाठ देऊन. हात धुताना मी विचारलं, ‘‘वाचेल ना?’’ ते म्हणाले, ‘‘परवा कळेल.’’ परवा म्हणजे काय, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

पण हा माणूस शब्दाला जागणारा निघाला. बुधवारी सकाळी धाकटीने भिजवलेली कणी खाल्ली, माझ्या बोटाला चोच मारली आणि बाईसाहेबांच्या अंगावर धावून गेली. मी त्याच दिवशी पॅन्ट पुरी केली, इस्त्री करून घरी नेऊन दिली. त्यांनी शिवण उलटी करून टाके तपासले.

तर ताई, माझी हौस फिटली. येत्या रविवारी ये आणि चौघींना घेऊन जा. माझं दुकान आहे, गोठा नाही.

तुझा त्रासलेला भाऊ

ता. क. रविवारी येऊ नकोस. बाळ लहान आहे, लेकीला तुझी गरज आहे. शिवाय धाकटीचे टाके अजून निघायचेत, तिला प्रवास झेपायचा नाही.

ता. क. दुसरा. तुझ्यापासून काय लपवायचं? मधलं दार हिने उघडं टाकलं नव्हतं. धाकटीला मीच रोज दुपारी आत घ्यायचो. ती मशीनखाली माझ्या पायाशी बसायची आणि मी दोरे खाली टाकायचो. हिला हे सांगायचं धाडस झालं नाही. तू इतकंच कर, ‘धाकटी तुझ्याकडेच राहू दे’ असं मला एक पत्र लिही, अगदी तुझ्याच मनात आल्यासारखं. मी नाइलाज झाल्याचा चेहरा करून हिला वाचून दाखवीन.

ता. क. तिसरा. ती. वन्संना नमस्कार. पाकीट यांनी न चिकटवताच माझ्याकडे टाकायला दिलं, म्हणून वाचलं. दाराचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. दुपारी मशीन थांबली की आतून गप्पा ऐकू येतात, आणि गिऱ्हाईक तर कोणी नसतं. टाक्यांना चोच लागू नये म्हणून यांनी धाकटीला रेशमी अस्तराचा गळपट्टा शिवलाय, दोन काजांचा. माझा ब्लाउज दिवाणावर सहा महिने पडून आहे. तुम्ही रविवारी जरूर या. कोंबड्या इथेच राहू द्यात, चौघींचंही माझ्याशी छान जमतं. यांना महिनाभर घेऊन जा. खायला काहीही चालतं. दुपारी खुडूक होऊन बसतात, तेवढं मनावर घेऊ नका.