शेवटचे बारा किलोमीटर

१७ फेब्रुवारी, सकाळी

प्रिय धाकटीस,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे, गुडघे सोडून. तुझं पत्र शनिवारी मिळालं. तीन ओळी, आणि तिन्हींच्या शेवटी प्रश्नचिन्ह. लहानपणापासून तू रागावलीस की कमी बोलतेस आणि मी रागावले की मला मैदान पुरत नाही. फोनवर तू आणखी कमी बोलशील आणि माझाच आवाज चढेल, म्हणून लिहिते आहे.

तुझी टिटवी बरी आहे. उजव्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर आहे, भूक चांगली आहे. तिचा पलंग खिडकीशी सरकवला आहे. कुबड्या घेऊन न्हाणीघरापर्यंत एकटी जाते. मी आधाराला हात पुढे केला तर म्हणते, "मावशी, तू फक्त घड्याळ लाव." आणि वर हसते.

तिने तुला सांगितलं की खड्ड्यात पाय गेला. रस्त्यावर खड्डा नव्हता. आदल्या आठवड्यात मी तो रस्ता दोनदा स्कूटरवरून पाहिला होता.

तूच तिला जूनमध्ये माझ्याकडे सोडलंस. "पळायचंच आहे तर ताईच्या हाताखाली पळू दे, वळण तरी लागेल," असं म्हणालीस. मॅरेथॉनची निवड एप्रिलमध्ये आहे. त्याआधी एकदा बत्तीस किलोमीटर शर्यतीच्या वेगाने पळावे लागतात, म्हणजे पायांना आणि डोक्याला कळतं पुढे काय वाढून ठेवलंय. तो दिवस मी एक फेब्रुवारीचा धरला.

माझी पद्धत तुला माहीत नाही, म्हणून सांगते. मी स्कूटरवर पन्नास पावलं पुढे असते. पाणी माझ्याकडे. दर चार किलोमीटरला रस्त्यावर चुन्याची रेघ मारलेली असते आणि पाणी रेघेवरच मिळतं, अलीकडे नाही, पलीकडे नाही. पळताना बोलायचं नाही. काही झालं तर हात वर करायचा, मला आरशात दिसतो, मी थांबते. एकतीस वर्षं शाळेतल्या मुलींना मी असंच पळवलं. त्या दिवशी टिटवीने हात वर केला नाही.

पहाटे साडेपाचला निघालो. कालव्याच्या कडेचा सरळ रस्ता, वाऱ्याला अडवायला एक झाड नाही. पहिले सोळा किलोमीटर इतके सुरेख गेले की मी घड्याळ दोनदा कानाला लावून पाहिलं. विसाव्याच्या रेघेवर तिने पाणी घेतलं आणि नियम मोडून बोलली.

"मावशी, नडगी दुखतेय. एकाच जागी."

मी उतरले. अंगठ्याने दाबून पाहिलं. तिने दातांमधून हवा आत ओढली. धाकटे, स्नायू दुखतो तो हातभर दुखतो. हाड दुखतं ते बोटभर. हे मी कॉलेजात शिकले आणि पुढे शंभर मुलींच्या पायांवर पडताळून पाहिलं. माझ्या अंगठ्याखालची जागा अंगठ्याएवढीच होती.

"स्नायू धरलाय," मी म्हणाले. "पळलीस की सुटेल."

"नक्की?"

"शिकवतंय कोण, तू की मी?"

तिने बुटाची नाडी आवळली आणि निघाली.

चोविसाव्याच्या अलीकडे रोपवाटिका लागते. तिथला माळी नळी टाकून रस्त्यावर आला. "अहो बाई, पोर लंगडतेय! दिसत नाही का?"

"तुम्ही तुमच्या कुंड्या बघा."

"कुंडीपाशीसुद्धा आम्ही घटकाभर थांबतो," तो म्हणाला. त्याच्याकडे दुर्लक्ष करणं सोपं होतं. मी केलं.

चोविसाव्या रेघेवर तिने थांबायचा हट्ट धरला नाही, नुसतं विचारलं, "एक मिनिट बसू?" मी बाटली तिच्या हातात देता देता म्हणाले, "बस की. तुझी आईही अशीच मधे बसली होती. अजून उठली नाही."

दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून तू लग्न केलंस, त्याबद्दल मी तुला तोंडावर कधी काही बोलले नाही. इतकी वर्षं सांभाळून ठेवलं आणि तुझ्या मुलीला पाण्याबरोबर पाजलं. ती बसली नाही.

वर लिहिलं आहे, की तिने हात वर केला नाही. ते वाक्य मी खोडत नाही. या वयातही माझ्या हातून काय लिहिलं जातं ते तुला दिसू दे. सत्ताविसाव्या किलोमीटरला तिने हात वर केला. आरशात स्वच्छ दिसला. उत्तर येणाऱ्या मुलीने वर्गात धरावा तसा ताठ, आणि बराच वेळ. माझ्या घड्याळात ती निवडीच्या वेळेच्या चार मिनिटं आत होती. आमच्या कॉलेजात मुलींना आठशे मीटरच्या पुढे उतरू देत नसत. बत्तीस किलोमीटर म्हणजे काय, हे मी जन्मात फक्त स्कूटरवरून पाहिलं आहे. मी बोटाने आरसा वर केला. त्यात आभाळ दिसायला लागलं. पुढचे पाच किलोमीटर मी आभाळ बघत स्कूटर चालवली. अठ्ठाविसाव्या रेघेवर बाटली ठेवली ती मागे वळून न बघता.

शेवटच्या रेघेवर ती आली. रेघ ओलांडली, "किती झाले?" म्हणाली, आणि पुढचं पाऊल टेकताना वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. मी आधी घड्याळ बंद केलं. मग तिच्याकडे धावले.

हाडांचे डॉक्टर म्हणाले, चीर आधीचीच होती, वेळेवर थांबली असती तर महिना-दीड महिन्याच्या विश्रांतीने भरली असती. आता वर्षभर पळण्याचं नाव काढायचं नाही, आणि नंतरचं नंतर. "हिला कोणी थांबवलं नाही?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत टिटवी म्हणाली, "मावशी थांब थांब ओरडत होती. मीच ऐकलं नाही."

खोटं बोलणाऱ्या मुलींना मी एकतीस वर्षं मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. तिथे मी पर्स मांडीवर घेऊन गप्प बसले. डॉक्टर मला म्हणाले, "तुमचा जीव किती तुटला असेल."

तुझा तिसरा प्रश्न, कधी पाठवतेस. पाठवणं माझ्याने होणार नाही. ती जायला तयार नाही. "तू पळवून घेतलंस म्हणून निघाले ना बत्तीस, दुसऱ्या कोणाकडून निघाले असते?" असं म्हणते. तिला वाटतं मी तिला काहीतरी दिलं. आणि ऐक, काल तिला झोप लागल्यावर मी वही काढली आणि प्लास्टर निघाल्यापासूनचं वेळापत्रक आखलं. डॉक्टरांनी वर्ष सांगितलंय. मी पाच महिने धरलेत. वही बंद करताना मला बरं वाटत होतं.

म्हणून तू ये. मेहुण्यांना पाठवू नकोस, ते चहा पितील, माझं म्हणणं ऐकतील आणि मान डोलावत रिकाम्या हाताने परत जातील. टिटवी रडेल, मला हाका मारेल. मी दारात उभी राहून तिची बाजू घेईन, तुला नाही नाही ते बोलेन, आणि माझं बोलणं पटेलही, मला ते जमतं. तरी तिला उचल आणि गाडीत घाल.

जिला तू आजवर एकदाही उलटून बोलली नाहीस ती,
तुझी ताई