दुसऱ्यांदा विचारतील तेव्हा

२ जून, लेह. संध्याकाळ

विचारलं! अखेर आज विचारलं! एकोणीस उन्हाळे मी या एका प्रश्नाची वाट बघतोय.

अचे कुन्झेसनी ऑफिसात वर बोलावून घेतलं. टूर कंपनी त्यांची, पण त्यांना मॅडम म्हणायची लेहमध्ये कुणाची छाती नाही. सगळ्यांच्या त्या अचे, थोरली बहीण. म्हणाल्या, जुन्या मेमेंचे, म्हणजे आजवरच्या गाइड आजोबांचे, गुडघे गेले, ते आता डोंगरात येणार नाहीत, तर मुटुप, यंदापासून मुख्य गाइड तू होतोस का?

मी मान खाली घातली. "छे छे, मी कसला! माझी काय लायकी!" आवाजही छान बारीक निघाला. त्या "बरं" म्हणाल्या आणि चष्मा लावून परमिटचे कागद चाळायला लागल्या.

म्हणजे पहिली फेरी रीतसर पार पडली. पहिल्या विचारण्याला हो म्हणायचं असतं का? साध्या चहालाही आपण तीनदा नको म्हणतो. मानाच्या जागेला तर दंडाला धरून ओढत न्यावं लागतं. तिथल्या तिथे दुसऱ्यांदाही विचारलं असतं, पण मध्येच फोन वाजला. वाजला असावा.

३ जून

यांगदोलला सांगितलं. बायको म्हणून तिने आनंदाने उडी मारायला हवी होती. ती लोकर कातत म्हणाली, एकदाच विचारलं? मग झालं की. बायकांना कामधंद्यातलं कळत नाही.

दुपारी स्टाकमोला सासुरवाडीला जाऊन आलो. सासऱ्यांना म्हटलं, जवळजवळ ठरलंय. म्हातारे कानाने कमी, "जवळजवळ" त्यांना ऐकू गेलं नाही. गळ्यात खतग, मानाचं पांढरं उपरणं, घातलं, जवाची दारू छांग काढली, शेजारच्या चार घरांना हाका मारल्या. मीही मग अडवलं नाही. एकोणीस वर्षं यांनी मला "पोरीचा नवरा, तंबू उचलतो" असंच म्हणून ओळख करून दिली आहे. आज "मुख्य गाइड" म्हणाले. खरं सांगतो, डोळे भरून आले.

आता मागे फिरायला जागा नाही. फिरायचं कारणही नाही.

४ जून

सकाळी दहा वाजता अचेंनी चोरोलला वर बोलावलं. दहा वाजताच ती हो म्हणून खाली आली.

चोरोल! सव्वीस वर्षांची पोरगी! तंबूची खुंटी कशी ठोकायची ते मी शिकवलंय तिला. "हो, चालेल की," म्हणाली म्हणे. एक फेरीसुद्धा नाही! लाजबीज काही? आईबापांनी काही शिकवलंय की नाही?

रागाने जेवण गेलं नाही. मग विचार केला आणि अचेंची चाल लक्षात आली. बाई भलतीच हुशार. चोरोलला पुढे करायचं, म्हणजे मुटुप जागा होईल आणि दुसऱ्या फेरीला जास्त आढेवेढे घेणार नाही. उद्याच्या टूरवर मला चोरोलच्या हाताखाली पाठवतायत, तेही त्याचसाठी. आठ दिवसांत पोरगी तोंडावर पडेल, अचे फोन करतील.

तिसऱ्या फेरीचं वाक्य आरशासमोर पाठ केलं. "एवढाच तुमचा आग्रह असेल, तर माझा नाइलाज आहे." नाइलाज शब्दावर उसासा.

५ जून, चुमाथांग. रात्री आठ

सहा पाहुणे. सगळे कलकत्त्याचे. त्यांच्या पुढारी सान्यालबाई, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, वहीत सगळं टिपून घेतात. ड्रायव्हर जिग्मत.

सकाळी गाडीशी चोरोल म्हणाली, अचो, पुढे बसा. थोरला भाऊ म्हणून मान दिला, तेवढं बरं केलं. मी म्हटलं, छे छे, तू बस. ती बसली! दार लावून घेतलं! मी शेवटच्या सीटवर, एका बाजूला गॅस सिलेंडर, दुसऱ्या बाजूला बटाटे. उपशीपर्यंत एकही शब्द बोललो नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

सिंधूच्या कडेने जाताना सान्यालबाईंनी विचारलं, हे खडक जांभळे का? मी तोंड उघडणार तोच चोरोलने पुढून माइकवर सांगून टाकलं. माइक तिच्याकडे आहे. मुद्दाम.

रात्री गरम झऱ्यापाशी मुक्काम. चोरोलने विचारलं, अचो, थुकपा वाढू? नको म्हटलं. जिग्मतने माझा वाटा खाल्ला. तो चाटूनपुसून खातो.

संकल्प: उद्यापासून चोरोलला कसलीही मदत करायची नाही. पडू दे.

६ जून, कोरझोक

मदत केली नाही. पडली नाही.

त्सो मोरिरीच्या काठावर वारा असा की दात दुखतात. पाहुण्यांपैकी दोघांचं डोकं धरलं होतं. चोरोलने त्यांना पाणी पाजलं, निजवलं, बोटाला यंत्र लावून बघितलं. आमच्या वेळी यंत्र नव्हतं. आम्ही माणसाचा चेहरा बघून सांगायचो. मी चेहरा बघून सान्यालबाईंना सांगितलं, तुम्हालाही त्रास होतोय. त्या म्हणाल्या, माझा चेहरा असाच आहे.

रात्री स्वैपाकाच्या तंबूत चुलीजवळची जागा रिकामी होती. ती सगळ्यांत मोठ्या माणसाची. मी दाराशी बसलो. असंच बसायचं असतं, मग सगळे ओढून वर नेतात. चोरोल म्हणाली, अचो, इकडे या ना. म्हटलं, असू दे, असू दे. ती आणि जिग्मत गप्पा मारत बसले. माझ्या पाठीवर दारातून बर्फाचे कण येत होते. एक जादा ब्लँकेट होतं. तेही तिने विचारलं. एकदा.

ही पोरगी मला रीतीरिवाजाने मारणार आहे.

इथे फोनला रेंज नाही. अचे विचारायला फोन करत असतील आणि लागत नसेल. बिचाऱ्या.

७ जून, कोरझोकच्या वर, चांगपांच्या तळावर

आज माणसं भेटली! खरी माणसं!

पाहुण्यांना मेंढपाळांचे काळे तंबू दाखवायला नेलं. पश्मिन्याच्या बकऱ्या, सान्यालबाईंची वही वगैरे. तंबूतल्या आबींनी, आजीच त्या, ऐंशीच्या तरी असतील, मला चहा विचारला. म्हटलं नको. दंड धरला. म्हटलं, खरंच नको. खांदा दाबून खाली बसवलं, वाटी हातात कोंबली, आणि वर शिव्या घातल्या की लेहची माणसं आमच्या चहाला नाकं मुरडतात! काय सांगू, तीन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माणसासारखं वागलं.

एक घोट घेतला की आबी वाटी भरायच्या. लोणी वर तरंगत होतं. अकरा वाट्या झाल्या. सातूचं पीठ, फे, मळून दिलं, तीन मुठी. सुकं चीज. मग दही. चोरोल दोनदा येऊन म्हणाली, अचो, पुरे, उद्या घाट आहे. जळते माझ्यावर.

पाहुण्यांना मीच रीत शिकवली. म्हटलं, तीनदा नको म्हणा. त्यांनी म्हटलं. चौथ्यांदाही म्हटलं, पाचव्यांदाही. आबी रडकुंडीला आल्या, यांना माझ्या घरचं चालत नाही म्हणून. चोरोलने सान्यालबाईंच्या कानात काहीतरी सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी वाटी हातात घेतली. तर बाईंनी मलाच सुनावलं. "मुटुपजी, नको कुठे थांबवायचं तेही शिकवायचं होतं." अर्धवट ऐकतात आणि वर बोलतात.

८ जून, त्सो कार

पोलोकोंगका घाटात गाडी सहा वेळा थांबवावी लागली. चहातलं लोणी जुनं असणार.

सहाव्या वेळी आडोसाही नव्हता. नुसतं उघडं माळरान. एक जंगली गाढव उभं राहून बघत होतं. गाडीत माइक चालू होता आणि चोरोल पाहुण्यांना सांगत होती की उंचीवर हलकं खावं. आत हसण्याचा आवाज. माझं नाव घेतलं नाही, पण घेतल्यातच जमा.

झोपताना नीट विचार केला. अशी नुसती वाट बघून भागणार नाही. ती पडत नाही, कारण संकटच येत नाही. संकट आलं की सगळे अनुभवी माणसाकडे बघतात. उद्या त्सो कारच्या खाऱ्या तळ्याच्या कडेने जायचंय. तिथला मिठाचा पापुद्रा कुठे पक्का आणि कुठे कच्चा, हे लडाखमध्ये माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

९ जून, त्सो कार. संध्याकाळ

पापुद्र्याने दगा दिला.

चोरोल पाच पाहुण्यांना घेऊन पायवाटेने क्रौंच पक्षी दाखवायला निघाली. सान्यालबाईंचा पाय मुरगळलेला, त्या गाडीत. जिग्मतला म्हटलं, रस्त्याने कशाला, मधून घे, पक्ष्यांच्या अगदी जवळ पोचू, बाईंनाही दिसतील. तो म्हणाला, चोरोलने रस्ता सोडू नको म्हणून बजावलंय. म्हटलं, चोरोल जन्मली नव्हती तेव्हापासून मी या मिठावर चालतोय. (हिशेब पुढेमागे होत असेल.) त्याने घेतली.

दोनशे पावलं छान गेली. मग पुढची चाकं गेली, मग मागची. चिखल दारापर्यंत. सान्यालबाई वर बघून म्हणाल्या, मुटुपजी, आता तुमचा अनुभव काढा बाहेर.

मी काढला. चाकाखाली गालिचा घाला म्हटलं. गालिचा गेला. तंबू घाला म्हटलं. तंबू गेला. सान्यालबाईंना पाठीवर घेऊन बाहेर काढायला निघालो, तर गुडघाभर चिखलात दोघेही बसलो. बाईंची वही गेली. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मधले चार तास फार वाईट गेले.

चोरोल पळत आली. ओरडेल असं वाटलं. पण नाही, आधी बाईंना कोरडे मोजे, गरम पाणी. मग तीन किलोमीटर चालत जाऊन चांगपांचा ट्रक घेऊन आली. दोर लावला, लोक जमवले, गाडी निघाली. शेवटच्या हिसक्याला ढकलणाऱ्यांत मीही होतो, हे नमूद करतो.

रात्री सूप विचारलं. नको म्हटलं. मग गुपचूप पातेल्यात बघितलं. रिकामं.

शांतपणे पाहता, संकट आलं आणि ते निभावलं गेलं. टीम म्हणून. अचेंना असंच सांगायचं.

१० जून, लेह

तांगलांग ला घाट ओलांडून परत. घाटमाथ्यावर सगळे देवांचा जयजयकार करत ओरडले. रुम्तसेपाशी रेंज आली. अचेंचा एकही मिस्ड कॉल नाही. त्यांना ही गोष्ट समोरासमोर विचारायची असणार. फोनवर विचारणं शोभतही नाही.

यांगदोल म्हणाली, बाबा रविवारी येतायत, गावातली माणसं घेऊन, तुला भेटायला. मिठाई आणायला सांगितलीय. उद्या दुसरी आणि तिसरी फेरी एकदमच उरकून घ्यायला हवी.

११ जून, लेह. दुपार

दहा वाजता गेलो. अंघोळ करून, नवा गोंचा घालून.

अचेंनी बसायला सांगितलं. सान्यालबाईंचं पत्र आलं होतं, त्यांनी ते वाचून दाखवलं. लांब होतं. मग गालिचा, तंबू, ट्रकवाल्यांचे उपकार. मी वाट बघत होतो. त्या काही विषय काढेनात. शेवटी मलाच लाज सोडावी लागली. म्हटलं, अचे, त्या दिवशीचं बोलणं अर्धवट राहिलं.

कुठलं, म्हणाल्या.

म्हटलं, मुख्य गाइडचं. तुम्ही एकदाच विचारलंत.

त्यांनी चष्मा काढला. फार मायेने बोलल्या, त्यानेच जास्त लागलं. "मुटुप, तू माझ्या वडिलांच्या वेळचा माणूस. तुला न विचारता चोरोलला नेमलं असतं, तर लोकांनी मला काय म्हटलं असतं? म्हणून विचारलं. तू पहिल्यांदा नाहीच म्हणणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. दोनदा विचारलं असतं तर तिसऱ्यांदाही विचारावं लागलं असतं, आणि तू हो म्हणाला असतास. तू नाही म्हणालास आणि मला असं हायसं वाटलं, काय सांगू तुला!"

त्या दिवशी फोन खरंच वाजला नव्हता. मीच तो वाजवून घेतला होता. रविवारी सासरे येणार, गाव घेऊन, आणि मी त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने बसायचं, तेवढंच डोक्यात फिरत होतं.

मग अचे म्हणाल्या, गुरुवारी पुढचा ग्रुप निघतोय, सहा जण, चोरोलच्या हाताखाली जाशील का?

मी म्हटलं, "छे छे, मी कसला आता! दुसरा कुणीतरी बघा." सत्तेचाळीस वर्षांची जीभ, आपोआप वळली.

"बरं," म्हणाल्या आणि फोन उचलून नंबर लावायला लागल्या.

मी जिना उतरलो. अंगणापर्यंत पोचलो. तिथून पळत परत वर गेलो, दार न वाजवता आत शिरलो आणि म्हटलं, जातो, अचे, जातो, मीच जातो. पलीकडच्याने अजून फोन उचलला नव्हता.