एकेकट्याला केबिनमध्ये

३ नोव्हेंबर, सोमवार
बोऱ्हाडेसरांनी सुनावलं. माझ्या पॅकिंग लाइनवर माणसं टिकत नाहीत म्हणे. आता एक जरी सोडून गेला तरी लाइन काढून शेजारच्या दत्ता सुपरवायझरला देणार. उपायही त्यांनीच दिला, वन-टू-वन मीटिंग. एकेकाला केबिनमध्ये बसवायचं, आपण कमी बोलायचं, त्याचं ऐकायचं. मला काय अवघड? माणसं सांभाळणं रक्तातच आहे. गावाकडं खुटबावला आमच्या आप्पांनी अख्खी सोसायटी सांभाळली. पुढं निवडणुकीत त्यांचं पॅनेल पडलं, तो भाग वेगळा.

४ नोव्हेंबर
पहिला मान तेजश्रीला. लाइनवर तिच्याइतका हात कुणाचा चालत नाही. खुर्चीत टेकायच्या आधीच तिनं विचारलं, सर, ब्रेक देताय का? ब्रेक म्हणजे कॉन्ट्रॅक्टच्या माणसाला घरी बसवणं. आमच्याकडं केबिनला एकट्याला बोलावतात ते त्याचसाठी. मी म्हणालो, छे, मोकळी बोल. ती बोलेना, म्हणून मीच बोललो. पाबळचा माझा कोर्स, माझी तत्त्वं, माझी ॲसिडिटी. जेवणाची सुट्टी संपली. जाताना डोळे पुसत होती. भारावली असणार.

६ नोव्हेंबर
आज हौसराव. दारातच उभा. म्हणाला, काय चुकलं आसंल तर समद्यांसमोर बोला, पण आसं एकट्याला नगा बोलवू, घरी बाळंतपण तोंडावर हाय. त्याला विश्वास वाटावा म्हणून मी दार लावून घेतलं. तर त्याला दरदरून घाम. केबिनचा फॅन दुरुस्त करून घेतला पाहिजे.

१० नोव्हेंबर
मीटिंगा जोरात. मी लाइनवर गेलो की सगळे चिडीचूप. आदर म्हणतात तो हाच. कारेगावच्या टपरीवर कळलं, माझी माणसं पलीकडच्या कंपनीच्या गेटवर दिसली. चहाला गेली असतील.

१३ नोव्हेंबर
तेजश्री आणि हौसराव सोडून गेले. ब्रेक मिळायच्या आधी आपणच गेलेलं बरं, म्हणे. जाताना दोघांनीही मला नमस्कार केला, पण हे सरांना कोण सांगणार? दुपारी दत्ता हात मागं बांधून माझ्या लाइनवर फिरत होता. लई राग आला.

१४ नोव्हेंबर, सकाळ
बोऱ्हाडेसरांनी केबिनला बोलावलंय. एकट्याला. बायको राजनंदिनी म्हणाली, आधी काय म्हणतात ते तरी ऐकून घ्या. तिला कंपनीतलं राजकारण काय कळणार. हाकलून घेणाऱ्यातला मी नाही. राजीनामा लिहिला, इंग्लिशमध्ये.

संध्याकाळ
सर चहा मागवून बसले होते. त्यांना तोंड उघडू न देता राजीनामा ठेवला आणि स्वाभिमानावर बोललो. चांगलं बोललो. सरांनी मधे एकदाही तोडलं नाही. सगळं झाल्यावर म्हणाले, अरे, माणसं का गेली ते तुझ्याकडनं समजून घ्यावं म्हणून बोलावलं होतं, लाइन तुझ्याकडंच ठेवणार होतो. मग राजीनामा वाचला, इंग्लिश बरं आहे म्हणाले, आणि मंजूर केला.