ओली काच

ती. दादास धाकटीचा नमस्कार,

हे गेले त्या सकाळी मी चहा केला, फडकी पिळून ह्यांच्या बादलीत टाकली आणि मुलीची वेणी घालत बसले. त्यामुळे शिडी धरायला उशिरा पोहोचले. तोवर हे पडले होते. उशिराची गोष्ट तुला कधी लिहिली नव्हती.

आता ह्यांच्या जागी इमारतींच्या काचा मी धुते, पण माझी काळजी नको. लांब दांड्याला ब्रश आणि पाण्याची नळी असते, जमिनीवरूनच तिसऱ्या मजल्याची खिडकी धुता येते. पाणी इतकं शुद्ध केलेलं असतं की काच ओलीच सोडायची, डाग न पडता सुकते म्हणतात.

मला ते पटेना. ह्यांनी कधी ओली काच मागे सोडली नाही. सोमवारी धुऊन झाल्यावर मी शिडी लावली आणि फडकं घेऊन चढले. डाग पडले ते माझ्या फडक्यानेच.

मुकादम खालून म्हणाले, "मावशी, काच आहे ती, लेकराचं तोंड नव्हे पुसायला. पुन्हा शिडीवर दिसलात तर काम बंद."

काम गेलं की खोलीही जाते, आणि मुलीची परीक्षा तोंडावर आहे. तू ये म्हणतोस, पण निघता येत नाही. दिवसभर मी मान वर करून एका जागी उभी असते. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला जिने चढू देऊ नकोस.

मंगळवारी मी तीच काच पुन्हा धुतली आणि ती सुकेपर्यंत खाली उभी राहिले.

तुझी,
धाकटी